रांगड्या हिप-हॉप बीटसाठी सॅम्पलर निवडताय? या चुका टाळा

"खरबरीत, जुन्या रेकॉर्डसारखा आवाज हवा आहे, कोणता सॅम्पलर (आवाजाचे तुकडे रेकॉर्ड करून पॅडवर वाजवणारं यंत्र किंवा सॉफ्टवेअर) घेऊ?" या प्रश्नाला थेट मॉडेलचं नाव सांगणं हीच पहिली चूक. तो खरबरीतपणा नेमका कुठे तयार होतो, हे आधी समजून घ्या. मग हार्डवेअर की सॉफ्टवेअर, हा वाद बराचसा आपोआप मिटतो.

ई-म्यू कंपनीच्या एसपी-1200 या सॅम्पलरचं उदाहरण घ्या. 1987 साली आलेलं हे यंत्र 12-बिट, सॅम्पल रेट (दर सेकंदाला आवाजाची किती मोजमापं घेतली जातात तो दर) साधारण 26 किलोहर्ट्झ. एकूण वेळ जेमतेम 10 सेकंद आणि एका सॅम्पलला (रेकॉर्ड केलेल्या तुकड्याला) जास्तीत जास्त अडीच सेकंद. एवढ्या जागेत लूप (पुन्हा पुन्हा वाजणारा तुकडा) बसवायचा कसा? म्हणून निर्माते 33 आरपीएमची रेकॉर्ड 45 वर लावून ती वेगात आत घेत आणि मग मशीनमध्ये पिच (सुराची उंची) खाली आणत. 33⅓ वरून 45 म्हणजे वेग 1.35 पट, सुरांच्या हिशेबात पाच सेमीटोनांहून (अर्ध्या सुरांहून) किंचित जास्त. अडीच सेकंदांत जवळपास 3.4 सेकंदांचं संगीत मावायचं. पण खरी गंमत पुढे आहे. पिच खाली आणताना हे यंत्र मधल्या जागा गुळगुळीत भरून काढत नाही, तेच ते मोजमाप पुन्हा वाजवतं. त्यातून वरच्या पट्टीत जी धातूसारखी किणकिण उमटते, तिलाच आपण 'ग्रिट' म्हणतो. जागा वाचवण्याच्या धडपडीतून हा आवाज जन्मला.

आता सर्वांत जास्त होणारी चूक बघा: बीट पूर्ण करायचा आणि शेवटी मास्टरवर (सगळे आवाज एकत्र येतात त्या ट्रॅकवर) बिटक्रशर, म्हणजे आवाज मुद्दाम खडबडीत करणारा इफेक्ट, टाकायचा. किक ड्रम, बास, सॅम्पल सगळं एकत्र चिरडलं जातं, खालचा भाग चिखल होतो आणि स्नेअर ड्रमची धार जाते. जुन्या यंत्रात प्रत्येक सॅम्पल आत येतानाच वेगळं खडबडीत व्हायचं आणि पिच त्यानंतर बदलायची. तोच क्रम सॉफ्टवेअरमध्ये पाळा. ऑडिओ पाच सेमीटोन वर न्या, 12-बिट आणि 26 किलोहर्ट्झवर उतरवून नवी फाइल करा, ती सॅम्पलरमध्ये टाकून पाच सेमीटोन खाली वाजवा. एवढ्यानेच कितीतरी फरक ऐकू येईल.

हे करूनही आवाज मऊच येत असेल तर दोन गोष्टी तपासा. वार्प किंवा टाइम-स्ट्रेच (वेग आणि पिच वेगवेगळे ठेवणारी सोय) चालू राहिलं आहे का? पिचसोबत वेगही बदलायला हवा, म्हणून ते बंद करा. आणि सॅम्पलरमध्ये इंटरपोलेशनचा (मधल्या जागा गुळगुळीत भरण्याचा) पर्याय असेल तर तो सर्वांत कमी दर्जावर ठेवा. इथे 'बेस्ट क्वालिटी' आपल्या कामाची नाही.

आवाज उलट फारच टोचत असेल, तर फिल्टर विसरला आहात. एसपी-1200 च्या आठ आउटपुटांपैकी 7 आणि 8 वर फिल्टर नव्हता, बाकींवर होता. 1 आणि 2 वर तर हलता लो-पास (वरच्या पट्टीतला आवाज कापणारा फिल्टर). म्हणजे हाय-हॅट (ड्रमची झांज) उघडी सोडायची आणि बास गोल करायचा, ही निवड यंत्रातच होती. प्रत्येक आवाजाला वेगळा लो-पास लावा.

रेकॉर्डिंगची पातळी हा आणखी एक घोटाळा. 12 बिटांत फक्त 4096 पायऱ्या असतात. सॅम्पल हळू आवाजात घेतलं तर त्यातल्या थोड्याच वापरल्या जातात आणि हिस्स (मागची सूं-सूं) वर येतो. लाल दिवा न लागता जितकं वर जाता येईल तितकं घ्या.

हार्डवेअर घेतलं म्हणजे ग्रिट आपोआप येईल, हाही गैरसमजच. 2021 चा रोलँड एसपी-404 एमके2 हा 16-बिट, 48 किलोहर्ट्झवर स्वच्छ रेकॉर्ड करतो; खरखर हवी तर त्याच्या इफेक्टांतून काढावी लागते. तरी तो मला आवडतो, कारण माउस सोडून हात पॅडवर जातो आणि चॉप (सॅम्पलचे कापलेले तुकडे) वेगळे सुचतात. हार्डवेअर घ्यायचं खरं कारण मला हेच वाटतं. जुनं यंत्र वापरलेलं घेत असाल तर प्रत्येक पॅड हळू आणि जोरात दाबून बघा, सगळी आउटपुटं ऐका, फ्लॉपीवर सेव्ह करून पुन्हा लोड करून पाहा. पडद्याचा दिवाही बघा.

सॉफ्टवेअरमध्ये पॅड मागे पडल्यासारखे वाटत असतील तर बफर (आवाज बाहेर पाठवण्याआधी संगणक साठवतो तेवढी सॅम्पल-मोजमापं) कमी करा. 44.1 किलोहर्ट्झवर 512 चा बफर म्हणजे एकट्याचाच सुमारे 11.6 मिलिसेकंद उशीर, 128 चा फक्त 2.9.

आवाज जमला, पण बीट डुलत नाही? मग दोष सॅम्पलरचा नाही. रॉजर लिन यांनी रचना केलेल्या 1988 च्या अकाई एमपीसी60 मधल्या स्विंगमध्ये प्रत्येक दुसरी सोळांश नोट थोडी मागे सरकते: 50 टक्के म्हणजे सरळ, 66 म्हणजे जवळपास ट्रिपलेट (एका ठोक्याचे तीन समान भाग). 54 पासून सुरुवात करा आणि एकेक टक्का वाढवत ऐका. स्विंग हॅटवर ठेवा, स्नेअर मात्र हाताने वाजवा आणि क्वांटाइझ करू नका, म्हणजे नोटा आपोआप अचूक ठोक्यावर खेचू नका.