जीएचं डिपिंग करण्याआधी पानं मोजा

गोडी छाटणीला (फळासाठीच्या छाटणीला) दीड महिना उलटलेल्या द्राक्षबागांत आता मणी 3-4 मि.मी.चे होतील आणि डिपिंगची, म्हणजे घड जीएच्या (जिबरेलिक ॲसिड या संजीवकाच्या) द्रावणात बुडवण्याची लगबग सुरू होईल. दुकानात पहिला प्रश्न ठरलेला: ‘यंदा किती पीपीएम?’ म्हणजे लिटरमागे किती मिलिग्रॅम. त्याआधी काडीवरची पानं मोजा.

जीए साखर बनवत नाही. साखर बनते पानात. ती कुणाच्या ताटात जास्त पडायची, एवढंच जीए ठरवतं. मण्याला जिबरेलिन (जीए त्यातलंच एक) पुरवण्याचं काम मुख्यतः बियांचं. थॉमसन या बिनबियांच्या जातीच्या मण्यात बी पोसतच नाही, म्हणून तो मुळात बारीक. डिपिंग केलं की मण्यातल्या पेशी ताणतात आणि पानाकडून आलेली साखर फोडणारं विकर (एन्झाइम) जोरात चालतं. आलेली साखर अशी खपत राहिली की मागून पुढची ओढली जाते. मात्र आत्ताची ही साखर मणी फुगवण्यातच खर्ची पडते. गोडी भरते पाणी उतरल्यावर, म्हणजे मणी मऊ पडू लागल्यावर.

त्याच साखरेवर वाढत्या शेंड्याचाही डोळा असतो. घडामागे 15-16 पानं झाली की शेंडा मारा, पण तेवढ्यावर थांबू नका. शेंड्यातून येणारं ऑक्सिन हे संजीवक पानांच्या बगलेचे डोळे (कळ्या) दाबून ठेवतं हे आपण ऐकत आलो. 2014 साली वाटाण्यावरच्या प्रयोगात वेगळंच दिसलं: शेंडा खुडताच साखर बगलेकडे धावली आणि ऑक्सिन तिथे कमी होण्याआधीच डोळा हलला. वेल वेगळा असला तरी बगलफुटी बागेत रोज दिसतेच. ती कोवळी असतानाच काढा, नाहीतर डिपिंगचा फायदा तीच खाईल.

थॉमसनला 40 पीपीएम म्हणजे 25 लिटर पाण्यात 1 ग्रॅम शुद्ध जीए. पावडर आधी थोड्या अल्कोहोलात विरघळवा, थेट पाण्यात ती नीट विरघळत नाही. सीपीपीयू (मणी फुगवणारं दुसरं संजीवक) मिसळत असाल तर 1-2 पीपीएमच्या वर जाऊ नका. मणी फुगतो, पण साल जाड होते आणि गोडी उशिरा भरते. काळ्या जातीत रंगही रेंगाळतो.

घड जास्त असतील तर आधी विरळणी. वाटेकरी तेवढेच ठेवून औषध वाढवणं मला तरी पटत नाही.

गर्डलिंग फक्त जोमदार वेलींवर करा, मणी 6-8 मि.मी.चे असताना. सालीची 2-3 मि.मी. पट्टी काढली की खाली जाणारी साखर वरच अडते आणि जखम भरेपर्यंत मुळं उपाशी राहतात. पांढरी (नवी) मुळी कमी दिसली तर त्या वेलीला सुरी लावू नका.