जोसमला मेमरी वाढवून देताय? या चुका टाळा

सिद्धेश्वर यात्रेच्या नंदीध्वज मार्गाचे जीपीएक्स ट्रॅक (जीपीएसने नोंदलेल्या वाटा), अडुसष्ट लिंगांचे बिंदू, त्याखाली उपग्रह चित्र आणि बाळ्यापासून जुळे सोलापूरपर्यंतचा ओपनस्ट्रीटमॅपचा डेटा. एवढं सगळं एकदम उघडलं की जोसम, म्हणजे ओपनस्ट्रीटमॅप या मुक्त नकाशाचा जावावर चालणारा संपादक, अडखळतो आणि शेवटी ‘आउटऑफमेमरीएरर: जावा हीप स्पेस’ म्हणत थांबतो. हीप म्हणजे जावा प्रोग्रामच्या डेटासाठी वापरतो ती मेमरी. उपाय विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये लिहायच्या एका ओळीचा आहे:

जावा -एक्सएमएक्स३जी -जार जोसम-टेस्टेड.जार

(आज्ञा इथे उच्चाराप्रमाणे दिली आहे. टाइप करताना सगळी रोमन छोटी अक्षरं, फक्त एक्सएमएक्समधला पहिला एक्स कॅपिटल.) ओळ छोटी असली तरी बहुतेकांचं घोडं हिच्यातच अडतं.

सगळ्यात फसवी चूक जागेची. एक्सएमएक्सचा भाग हीपची कमाल मर्यादा सांगतो, तो ‘-जार’च्या आधीच हवा. फाइलच्या नावानंतर लिहिला तर जावा तो वाचतच नाही, जोसमकडे ढकलून देतो आणि मर्यादा वाढत नाही. मग माणूस आकडा ३ चा ४, ४ चा ६ करत बसतो.

दुसरी चूक व्हॉट्सअ‍ॅपवरून आज्ञा कॉपी करण्याची. वाटेत कुठेतरी साध्या आडव्या रेघेची लांब डॅश झालेली असते. जावाला ती सूचना वाटत नाही, क्लासचं नाव वाटतं, म्हणून ‘कुड नॉट फाइंड ऑर लोड मेन क्लास’ असा मेमरीशी काडीचाही संबंध नसलेला एरर येतो. लोक लगेच जावा काढून पुन्हा टाकतात. तसलं काही करू नका, रेघ खोडून कीबोर्डवरून परत टाइप करा. कीबोर्ड मराठीवर राहिला आणि आकडा देवनागरीत पडला, तरीही आज्ञा चालत नाही.

आकडा लिहिण्याच्या खोड्या वेगळ्याच. एक्सएमएक्स आणि आकडा यांत जागा सोडायची नाही. ‘जीबी’ लिहायचं नाही, नुसतं ‘जी’ किंवा ‘एम’. दीड जीबी हवं असेल तर १.५जी चालत नाही, १५३६एम लिहा. या तिन्ही चुकांना ‘इनव्हॅलिड मॅक्सिमम हीप साइझ’ हे एकच उत्तर मिळतं. एककच विसरलात तर २०४८ म्हणजे २०४८ बाइट धरले जातात आणि ‘टू स्मॉल मॅक्सिमम हीप’ दिसतं.

आज्ञा बरोबर असूनही फरक पडत नाही? काही सांगितलं नाही तर ६४-बिट जावा साधारणपणे एकूण रॅमचा चौथा हिस्सा कमाल हीप म्हणून धरतो. ८ जीबीच्या मशीनवर तो २ जीबीच होतो, तेव्हा एक्सएमएक्स२जी लिहून नवीन काहीच मिळालेलं नसतं. तिथे ३जी द्या. ब्राउझर बंद ठेवणार असाल तर ४जी. ४ जीबीच्या मशीनवर १५३६एमच्या पुढे जाऊ नये, कारण विंडोजलाही जगायचंय.

ई-टेंडरसाठी डिजिटल सही वापरणाऱ्या ऑफिसांत हमखास भेटणारी अडचण म्हणजे जुना ३२-बिट जावा. विंडोजवर त्याला साधारण दीड जीबीच्या वर हीप मिळत नाही, मग रॅम १६ जीबी का असेना. २जी मागितलं की ‘कुड नॉट रिझर्व्ह इनफ स्पेस’ येतं. ‘जावा -व्हर्जन’ चालवा. उत्तरात ‘६४-बिट’ हे शब्द दिसले पाहिजेत. ‘व्हेअर जावा’ ही आज्ञा पाथमध्ये (विंडोज प्रोग्राम शोधतं त्या फोल्डरांच्या यादीत) सापडलेले जावा मार्गासकट दाखवते, त्यातला पहिला तोच चालतो. जुना काढून टाकू नका, सहीचं काम अडेल. आज्ञेत ६४-बिट जावाचा पूर्ण मार्ग अवतरण चिन्हांत लिहा.

मर्यादा खरंच लागली का, हे जोसमच्या हेल्प मेनूतल्या स्टेटस रिपोर्टमध्ये बघा. ‘मेमरी युसेज’च्या ओळीत तिरक्या रेघेनंतरचा आकडा म्हणजे कमाल हीप. तो बदललेला नसेल तर पुढचं काही करण्यात अर्थ नाही.

बदलला आणि तरी जोसम रडतोय, तर टास्क मॅनेजर उघडा. सीपीयू भरलेला आणि डिस्क शांत असेल तर हीप बहुधा अपुरी आहे, जावा सतत नको असलेला डेटा काढून जागा करत बसलाय. डिस्क १०० टक्क्यांवर असेल तर मर्यादा जास्त झाली आहे, विंडोज मेमरीतला माल डिस्कवर टाकतंय. आकडा खाली आणा. जोसमची नोंद दिलेल्या मर्यादेपेक्षा काहीशे एमबी जास्त दिसली तर घाबरू नका. एक्सएमएक्स फक्त हीपला लगाम घालतं, थ्रेड आणि क्लासची माहिती त्याबाहेर असते.

हे सगळं जमल्यावरही डेस्कटॉपवरच्या जार फाइलवर डबल क्लिक केलंत तर आज्ञेतली मर्यादा लागत नाही. इन्स्टॉलरने टाकलेल्या जोसमच्या आयकॉनचंही तेच. ही ओळ नोटपॅडमध्ये लिहून जार फाइलच्याच फोल्डरमध्ये ‘जोसम.बॅट’ नावाने ठेवा आणि तिथूनच उघडा. सेव्ह करताना ‘सेव्ह अ‍ॅज टाइप’मध्ये ‘ऑल फाइल्स’ निवडा, नाहीतर नोटपॅड मागे गुपचूप ‘.टीएक्सटी’ चिकटवतो आणि डबल क्लिक केल्यावर पुन्हा नोटपॅडच उघडतं.