जुना पॉप-अप ट्रक कॅम्पर घेताना या चुका टाळा

पॉप-अप ट्रक कॅम्पर म्हणजे पिकअपच्या मागच्या उघड्या हौद्यात बसवायची छोटी राहण्याची खोली; तिचं छत वर उचललं की व्हिनाइलच्या मऊ भिंती उलगडतात. तो जुना घेताना सगळ्यात महागात पडणारी चूक बघायला निघण्याआधीच होते. आधी कॅम्पर पसंत करायचा आणि मग तो आपल्या पिकअपला कसा बसेल याचा विचार करायचा, हा क्रमच उलटा आहे. अमेरिकेत राहणारी आपली मंडळीही युटा किंवा सिएरा नेवाडाचे बेत आखताना हेच करतात. आधी ट्रकचा आकडा पाहा. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर पिवळ्या रंगाचं स्टिकर असतं: माणसं आणि सामान मिळून इतक्या पौंडांच्या वर नको. हा आकडा त्याच एका गाडीचा असतो. शेजाऱ्याचा ट्रक त्याच मॉडेलचा, त्याच वर्षाचा असला तरी त्याचा आकडा तुमच्या कामाचा नाही.

आता नेहमी फसणारा हिशेब बघा. मध्यम आकाराचा, चार दारांचा ट्रक. स्टिकरवर 1,100 पौंड. कॅम्परच्या ब्रोशरवर 1,000. शंभर पौंड शिल्लक आहेत असं मानून सौदा होतो. पण ब्रोशरमधलं ‘ड्राय वेट’ पाण्याशिवाय, गॅसशिवाय आणि बहुतेक वेळा फ्रिज, हीटर, सोलर, ऑनिंग (बाहेर ओढायचं सावलीचं कापड) न धरता दिलेलं असतं. या वस्तूंचे 250 पौंड धरा. 20 गॅलन पाण्याचे 166, भरलेल्या 20 पौंडी प्रोपेन सिलिंडरचे टाकीसकट 37. नवरा-बायको मिळून 330. कपडे, भांडी, शिधा 150. बेरीज 1,933 पौंड, म्हणजे मर्यादेच्या 833 पौंड वर. अशा ट्रकची मागची बाजू बसते, पुढची चाकं हलकी होऊन स्टिअरिंग सैल लागतं, हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांत जातात आणि लांब घाटउतारावर ब्रेक तापतात.

मग कोणीतरी मागच्या स्प्रिंगना आधार देणाऱ्या हवेच्या पिशव्या, म्हणजे एअरबॅग, बसवायचा सल्ला देतं. हा सल्ला पुरता चुकीचा आहे. एअरबॅगने मागची बाजू वर येते, ट्रक सरळ दिसतो, पण ॲक्सल, बेअरिंग, ब्रेक आणि टायर होते तेच राहतात. स्टिकरवरचा आकडा एका पौंडानेही वाढत नाही. सौदा पक्का करण्याआधी इंधनाची टाकी भरून, घरच्यांना बसवून ट्रक स्टॉपवरच्या कॅट स्केलवर, म्हणजे गाड्या तोलायच्या काट्यावर, ट्रक नेऊन या. तिथे पुढच्या आणि मागच्या ॲक्सलचं वजन वेगवेगळं मिळतं. विक्रेता तयार असेल तर त्याचा ट्रक आधी कॅम्परसह आणि मग कॅम्पर उतरवून तोलून घ्या. कॅम्परचं खरं वजन ब्रोशर सांगत नाही, काटा सांगतो.

दुसरी मोठी चूक म्हणजे नवे पडदे, नव्या गाद्या आणि ताजा रंग बघून भुलणं. लाकडी सांगाड्याच्या कॅम्परची दुर्दशा बहुधा एकाच वाटेने होते. छताच्या कडेचं किंवा केबिनवर पुढे आलेल्या भागातल्या छोट्या दिव्यांभोवतीचं सीलंट तडकतं. पाणी सांगाड्याच्या कडेने बिछान्याखालच्या प्लायवुडमध्ये उतरतं. वर गादी असल्याने वर्षानुवर्षं काही दिसत नाही. कोपऱ्यातलं लाकूड भुसभुशीत होतं, आणि नेमका तिथेच कॅम्पर ट्रकवरून उचलणाऱ्या जॅकचा ब्रॅकेट स्क्रूने बसवलेला असतो. घरी आणल्यावर पहिल्यांदा कॅम्पर जॅकवर उचलला की स्क्रू लाकडासकट उपटून येतात आणि एक कोपरा खाली बसतो. तेव्हा विकणारा कधीच निघून गेलेला असतो. दुरुस्ती म्हणजे बाहेरचा पत्रा सोडवून सांगाडाच नव्याने बांधणं.

म्हणून गादी उचलाच. सोबत टॉर्च, बोथट स्क्रूड्रायव्हर आणि दोन टोकांचं ओलावा मोजणारं यंत्र ठेवा. आधी कोरड्या जागी मोजा, मग कोपरे, सिंकखालची जागा, दाराचा उंबरठा. सुट्या आकड्यापेक्षा दोन जागांमधला फरक जास्त बोलका असतो. केबिनवर पुढे आलेल्या नाकाडाचा पत्रा बाहेरून अंगठ्याने दाबा. पोचट लागला तर परत फिरा. कुबट वासावर सुगंधी फवारा मारलेला असेल तर आणखी सावध व्हा. छताच्या सांध्यांवर सिलिकॉनचे थर दिसले, तर कोणीतरी गळतीशी बराच काळ झगडलंय हे ओळखा. जुन्या सिलिकॉनवर नवं सीलंट धड चिकटत नाही. ते सगळं खरवडून ब्यूटाइल टेप (सांध्यात दाबायची चिकट रबरी पट्टी) आणि छतासाठी बनवलेलं सीलंट लावावं लागतं. वरून आणखी एक थर फासणं ही दुरुस्ती नव्हे.

ॲल्युमिनियमचा सांगाडा कुजत नाही, म्हणून निर्धास्त होऊ नका. खडबडीत रस्त्यांवर वेल्डिंगला तडे जातात. दार चौकटीत तिरकं बसतंय का, फटी सारख्या आहेत का ते पाहा. शिवाय तळाला बहुधा प्लायवुडच असतं.

छत विक्रेत्याला उचलू देऊ नका; स्वतः दोनदा वर-खाली करा. सोलर पॅनल असलेलं छत एकट्याला झेपतं का हे तिथेच कळतं. बिजागरीचे स्क्रू हलवून बघा. मग दिवसाउजेडी सगळं बंद करून आत बसा: व्हिनाइलच्या घडीच्या कोपऱ्यांतून उजेडाचे टिपके दिसले की ती भोकं आहेत. मृदू भिंती पूर्ण बदलण्याचा खर्च हजार डॉलरच्या वर जातो, तो किमतीतून वजा करून मागा.

गॅसवर चालणारा शोषण पद्धतीचा फ्रिज असेल तर आदल्या रात्रीच गॅसवर सुरू करून ठेवायला सांगा. त्याला गार व्हायला कित्येक तास लागतात, दहा मिनिटांत काही समजत नाही. मागे पिवळट पूड किंवा अमोनियाचा वास असेल तर तो फ्रिज संपला. गॅसच्या जोडांवर साबणाचा फेस लावा. गॅस डिटेक्टरच्या पाठीवरची तारीख बघा. साधारण 5 ते 7 वर्षांनी तो बदलावा लागतो.

हौद्याची लांबी जुळली एवढ्यावर खूश होऊ नका. फोर व्हील कॅम्पर्स या कंपनीचा हॉक 6.5 फुटी हौद्यासाठी आणि ग्रँडबी 8 फुटी हौद्यासाठी बनतो. पण नव्या ट्रकच्या हौद्याच्या भिंती उंच असतात, त्यामुळे जुन्या कॅम्परचे दोन्ही बाजूंना बाहेर आलेले पंख त्यावर टेकू शकतात. केबिनच्या छताशी असलेलं अंतरही मोजा. खाली रबरी मॅट हवीच. कॅम्पर बांधायच्या, हौद्यातल्या कडीच्या बोल्टना (आय-बोल्ट) खालून जाड पट्टी नसेल तर पातळ पत्रा फाटतो. कॅम्पर ताणून बांधणारे टर्नबकल पहिल्या काही मैलांनंतर थांबून पुन्हा आवळा.

काही राज्यांत कॅम्परला स्वतंत्र टायटल (मालकीचा कागद) मिळतं, काहींत तो फक्त माल समजला जातो. पैसे देण्याआधी आपल्या राज्याच्या वाहन विभागात विचारून घ्या, आणि कॅम्परवरचा क्रमांक कागदांवरच्या क्रमांकाशी एकेक अक्षर जुळवून पाहा.