लढतींच्या अ‍ॅनिमेतील मैत्री आणि क्वीअर सूचितार्थ कसा वाचावा

लढतींच्या अ‍ॅनिमेमध्ये दोन पुरुषांमधील नात्याविषयी जे लिहिले जाते, ते बहुधा दोन टोकांपैकी एका टोकाला जाते. एक तर ‘ही निव्वळ मैत्री आहे, नसते अर्थ चिकटवू नका’ असे म्हणून विषय मिटवला जातो, किंवा एखादी नजर नाहीतर एखादा स्पर्श पकडून ते दोघे प्रेमी असल्याचा निकाल लावला जातो. दोन्हीकडे कलाकृती नीट पाहायची राहून जाते. या विषयावर, म्हणजे अशा नात्यात न बोलता सुचवलेल्या समलिंगी ओढीवर (क्वीअर सूचितार्थावर), ज्यांना जबाबदारीने लिहायचे आहे, त्यांच्यासाठी येथे एक पद्धत मांडतो आहे. माझे म्हणणे असे आहे की मुष्टियुद्धाच्या कथेत जवळिकीचा पुरावा संवादात किंवा मिठीत शोधत बसू नये. समोरच्या माणसाशी लढता यावे म्हणून एक लढवय्या स्वतःच्या शरीराचे काय करून घेतो, तिथे तो शोधावा.

उदाहरणासाठी दोन कलाकृती घेऊ. पहिली ‘अशिता नो जो’. ही मांगा (जपानी चित्रकथा) ‘वीकली शोनेन मॅगझिन’मध्ये 1968 ते 1973 या काळात क्रमशः प्रसिद्ध झाली. लेखन असाओ ताकामोरी या टोपणनावाने इक्की काजिवारा यांचे आणि चित्रे तेत्सुया चिबा यांची. ओसामु देझाकी यांनी दिग्दर्शित केलेली तिची अ‍ॅनिमे मालिका 1970 मध्ये सुरू झाली आणि दुसरी मालिका 1980 मध्ये आली. दुसरी कलाकृती ‘मेगालोबॉक्स’, जी मूळ मांगाला 50 वर्षे झाल्याच्या निमित्ताने 2018 मध्ये यो मोरियामा यांच्या दिग्दर्शनाखाली तयार झाली. तिचा पुढचा भाग ‘नोमॅड’ 2021 मध्ये आला. पुढे दोन्ही कथांचे महत्त्वाचे प्रसंग उघड केलेले आहेत, हे वाचकांनी ध्यानात घ्यावे.

आधी खेळाचे नियम, मग भावना

कोणतेही अनुमान काढण्यापूर्वी त्या खेळाचे नियम समजून घ्यावेत, कारण कोणती कृती नियमांमुळे घडली आणि कोणती नियमांच्या पलीकडची आहे, हे त्याशिवाय कळत नाही. ‘अशिता नो जो’मधला जो याबुकी आणि तोरु रिकिइशी यांची गाठ सुधारगृहात पडते. रिकिइशी हा आधीपासूनचा व्यावसायिक मुष्टियोद्धा, जोपेक्षा उंच आणि वजनाने भारी. पुढे जो बॅंटमवेट या हलक्या वजनगटात व्यावसायिक होतो. वजनगट वेगळे असल्यामुळे या दोघांची अधिकृत लढत होऊच शकत नाही, हा खेळाचा नियम झाला. नियमाच्या पलीकडची गोष्ट अशी की रिकिइशी स्वतःचे वजन जोच्या गटापर्यंत उतरवायचे ठरवतो.

तालमीत वाढलेल्या वाचकाला वजन उतरवणे म्हणजे काय हे वेगळे सांगायला नको. पण इथे जे घडते, ते स्पर्धेच्या तोंडावर दोन-तीन किलो कमी करण्यासारखे नाही. मुळात बारीक असलेल्या देहातून आणखी मांस काढून टाकायचे आहे. अन्न जवळपास बंद होते, मग पाणीही तोडले जाते. तहानेने भ्रमिष्ट झालेला रिकिइशी पाणी शोधत निघतो, तेव्हा जिममधले सगळे नळ तारेने बांधून टाकलेले असतात. ही व्यवस्था रिकिइशीच्या जिमशी संबंधित तरुणी योको शिराकी हिने केलेली आहे. त्याची अवस्था पाहून तीच त्याच्यासमोर पेलाभर कोमट पाणी धरते. रिकिइशी तिचे आभार मानतो आणि ते पाणी जमिनीवर ओतून टाकतो.

या प्रसंगापाशी थांबावे आणि एकच प्रश्न विचारावा: कथेची गरज भागवण्यासाठी जेवढे लागते, त्यापेक्षा इथे जास्तीचे काय आहे? जिंकणे, पैसा आणि नाव हे सगळे रिकिइशीला स्वतःच्या वजनगटात मिळू शकत होते. एका नवख्या, बेशिस्त, जेमतेम गुण दिसू लागलेल्या पोराशी लढण्यासाठी जीव धोक्यात घालण्याचे कोणतेही व्यावसायिक कारण त्याच्याकडे नव्हते. कारण म्हणून शिल्लक राहतो तो फक्त जो. माझ्या मते अशी शिल्लक जिथे राहते तिथूनच सूचितार्थाला सुरुवात होते. ती किती आहे आणि तिचे दुसरे काही स्पष्टीकरण देता येते का, हे तपासणे हे आपले काम.

दुसरे स्पष्टीकरण आहे आणि ते लपवू नये. सुधारगृहात दोघांची लढत होते, तेव्हा जोच्या ‘क्रॉस काउंटर’मुळे (समोरच्याचा ठोसा येत असतानाच त्याच्या हातावरून मारलेल्या उलट ठोशामुळे) दोघेही एकाच वेळी कोसळतात. त्या अपुऱ्या हिशेबाची टोचणी आणि खेळाडूचा मान यांतून रिकिइशीचा हट्ट समजून घेता येतो. शिवाय निर्मितीशी संबंधित एक साधे कारणही आहे: रिकिइशी पुढे मुख्य प्रतिस्पर्धी होणार याची कल्पना नसताना चिबा यांनी त्याला जोपेक्षा बराच उंच काढला होता, आणि तो फरक कथेत भरून काढण्यासाठी वजन उतरवण्याचा प्रसंग आला. ही माहिती आपल्या वाचनाला धक्का देते का? मला तसे वाटत नाही. अडचणीतून सुटायला लेखक-चित्रकारांना कितीतरी वाटा उपलब्ध होत्या. त्यांनी निवडलेली वाट ही एका माणसाने दुसऱ्यासाठी स्वतःला झिजवण्याची आहे, आणि वाचकांच्या मनावर कोरली गेली तीही हीच. पण लेख लिहिताना हे कारण नोंदवलेच पाहिजे, कारण ते वगळून केलेली मांडणी पहिल्याच जाणकार वाचकापुढे टिकणार नाही.

नजर कुठे थांबते ते पाहा

देझाकी यांची एक ओळखीची रीत अशी की ऐन क्षणी चालते दृश्य गोठते आणि त्याच्या जागी रंगवलेले, रेखाटनासारखे स्थिर चित्र येते. अशी चित्रे मालिकेत ठिकठिकाणी येतात, त्यामुळे प्रत्येक चित्राला अर्थ देत सुटू नये. त्याऐवजी गोठलेल्या चित्रात कोण कोणाकडे पाहतो आहे आणि तो क्षण ठोशाचा आहे की ठोशानंतरचा, हे वहीत टिपावे. अशा पाच-सहा नोंदी एकत्र ठेवल्या की मालिका कोणत्या क्षणांना स्मरणीय मानते, याचा अंदाज येतो.

जो-रिकिइशी यांच्या शेवटच्या लढतीचा शेवट या दृष्टीने फार बारकाईने पाहण्यासारखा आहे. रिकिइशी जिंकतो. हरलेला जो उठतो, त्याच्याकडे येतो आणि हात पुढे करतो. रिकिइशीही हात पुढे करतो, पण हातात हात पडण्याआधीच तो कोसळतो आणि मरतो. मिठी नाही, कबुली नाही, हस्तांदोलनसुद्धा पुरे होत नाही. त्या क्षणापर्यंत या दोघांनी एकमेकांना केलेला जवळजवळ प्रत्येक स्पर्श हा ठोसा होता. पहिला मायेचा स्पर्श घडणार तोच तो कायमचा हुकतो. हे दृश्य निव्वळ मैत्रीचे म्हणून वाचले तरी हृदय पिळवटून टाकते. क्वीअर वाचनाने मैत्री खोडली जात नाही. त्या मैत्रीत आणखी काय साठले होते, एवढाच प्रश्न ते वाचन विचारते.

मागे राहिलेल्याचे शरीर

अनेक लेख मृत्यूच्या प्रसंगापाशी संपतात, आणि तिथेच मोठी सामग्री हातची जाते. रिकिइशी गेल्यानंतर जो समोरच्या माणसाच्या डोक्यावर ठोसा मारू शकत नाही. मारायला गेला की त्याला रिंगणातच ओकारी येते. पंच, प्रेक्षक, प्रशिक्षक दानपेइ या सगळ्यांदेखत त्याचे शरीर शोक करते, आणि त्या शोकाला तिथे कोणतेही नाव उपलब्ध नाही. वारलेल्या माणसाच्या पत्नीला, भावाला, आईला समाजात शोकाची जागा असते; प्रतिस्पर्ध्याला ती नसते. ज्या नात्याला नाव नाही त्याचा शोकही उघडपणे करता येत नाही, हा अनुभव समलिंगी माणसांच्या परिचयाचा आहे, आणि म्हणून या भागाचे क्वीअर वाचन मला सर्वांत भक्कम वाटते. जो समलिंगी आहे असे सिद्ध करण्याची इथे गरजच पडत नाही.

वाचकांनी मात्र हा शोक उघडपणे केला. मार्च 1970 मध्ये कवी व नाटककार शूजी तेरायामा यांच्या पुढाकाराने कोदान्शा या प्रकाशन संस्थेत रिकिइशीचा अंत्यविधी खरोखर पार पडला आणि त्याला सुमारे 700 लोक आले. एका काल्पनिक पात्रासाठी जमलेला तो समुदाय या कथेची भावनिक ताकद दाखवतो. त्यावरून त्या लोकांनी हे नाते कसे वाचले असेल, याचे अनुमान मात्र काढू नये.

दुर्बलता कोणापुढे उघडी पडते

‘मेगालोबॉक्स’मध्ये हाच धागा प्रौढ पुरुषांच्या संदर्भात येतो. इथले लढवय्ये हातांना ‘गिअर’ नावाची यांत्रिक जोड लावून लढतात. विजेता युरी याचे गिअर त्याच्या शरीरातच बसवलेले आहे, तर जो नावाचा उपरा गिअरविना लढत वर येतो. शेवटी युरी शस्त्रक्रियेने ते गिअर काढून टाकायला लावतो, कारण त्याला जोशी बरोबरीने, गिअरविना लढायचे आहे. रिकिइशीच्या उपासाचाच हा नवा अवतार आहे. त्यासाठी युरी आपल्या मालकिणीची, युकिको शिरातोची मर्जी मोडतो, यातना सोसतो, आणि मालिकेच्या अखेरीस तो आपल्याला चाकाच्या खुर्चीत दिसतो.

येथे विचारायचा प्रश्न असा: या माणसाची दुर्बलता कोणाला पाहता येते? जगासाठी युरी अजिंक्य आहे. स्वतःचे कवच काढून तो ज्याच्यापुढे उभा राहतो, तो एकटा जो आहे. ‘नोमॅड’मध्ये याची उलट बाजू येते. आपल्या प्रशिक्षकाच्या मृत्यूला सामोरे जाता न आलेला जो घर सोडून जातो, वेदनाशामकांच्या आहारी जातो आणि वर्षांनंतर परततो, तेव्हा ज्या मुलांना त्याने सोडले होते त्यांचा राग त्याला झेलावा लागतो. या भागात क्वीअर सूचितार्थ शोधण्याचा अट्टहास मी करणार नाही. त्याचे मोल पुरुषांनी एकमेकांपुढे ‘मला जमले नाही’ असे कबूल करण्यात आहे. सूचितार्थ जिथे नाही तिथे तो नाही असे लिहिणाऱ्या लेखकावर वाचक जास्त विश्वास ठेवतो.

लिहिताना

विधानांच्या तीन पायऱ्या मनाशी पक्क्या ठेवाव्यात. ‘रिकिइशी पाणी ओतून देतो’ हे पडद्यावरचे तथ्य आहे. ‘त्याला जोशी लढण्यापेक्षा दुसरे काहीही महत्त्वाचे उरलेले नाही’ हे कथेतून निघणारे अनुमान आहे. ‘हे प्रेमाचेच एक रूप आहे’ हे वाचन आहे, आणि ते ‘मी असे वाचतो’ या शब्दांत, स्वतःच्या नावावर मांडावे. ‘लेखकाला हेच सांगायचे होते’ ही चौथी पायरी लेखकाने स्वतः तसे म्हटले असल्याखेरीज चढू नये.

स्त्री पात्रांना वाटेतला अडथळा समजू नये, हे मी आग्रहाने सांगेन. योकोला बाजूला सारून लिहिलेले जो-रिकिइशी वाचन कमकुवत होते, कारण नळ बांधणारी आणि पाणी घेऊन येणारी तीच आहे. त्या झिजण्याची सर्वांत जवळची साक्षीदार तीच आहे. पुढे ती जोवरचे प्रेम बोलून दाखवते, आणि कथेच्या अखेरच्या लढतीनंतर जो आपले ग्लव्हज तिच्याच हाती देतो. एकाच माणसाच्या मनात दोन ओढी असू शकतात, आणि क्वीअर वाचनात त्याला जागा असायलाच हवी.

वयाचे भान तर अपरिहार्य आहे. शोनेन (म्हणजे किशोर मुलांसाठीच्या) कथांतील अनेक नायक बारा-तेरा वर्षांची मुले असतात. ‘हंटर × हंटर’ या शोनेन मालिकेतल्या गोन आणि किलुआ यांच्याविषयी लिहिताना जिव्हाळा, पहिल्या मित्राची अपूर्वाई, दुखावले जाणे यांविषयी खूप लिहिता येते. किलुआ रडतो ते प्रसंग त्या मालिकेतील उत्तम प्रसंगांपैकी आहेत. त्या मुलांकडे प्रौढ जोडप्याच्या नजरेने मात्र पाहू नये. जो आणि रिकिइशी हेही सुधारगृहात भेटतात तेव्हा किशोरवयीन आहेत, म्हणून त्यांच्याबाबतही वाचन भावनेपुरतेच ठेवावे.

असे वाचन ही आजची टूम आहे असा आक्षेप आला, तर इतिहास सांगावा. तोक्योमध्ये डिसेंबर 1975 मध्ये सुरू झालेल्या कॉमिकेट या हौशी प्रकाशनांच्या मेळ्यात 1980 च्या दशकात ‘कॅप्टन त्सुबासा’ आणि ‘सेंट सेया’ या मुलांसाठीच्या कथांतील पुरुष पात्रांवर स्त्री वाचकांनी मोठ्या प्रमाणावर प्रेमकथा रचल्या. मूळ कथेचा अर्थ त्यावरून ठरत नाही, पण जपानमधल्या वाचकांनाही त्या मैत्रीत काहीतरी जास्तीचे जाणवले होते, हे त्यावरून दिसते.

पाहायला सुरुवात करणाऱ्याने वेळ कमी असल्यास ‘मेगालोबॉक्स’चे पहिले 13 भाग आधी पाहावेत, कारण ते स्वतंत्रपणे समजतात. वेळ असल्यास 1970 ची मालिका किमान रिकिइशीच्या मृत्यूनंतरच्या काही भागांपर्यंत पाहावी आणि मग 1980 च्या मालिकेकडे वळावे, कारण तिची कथा त्या मृत्यूनंतर सुरू होते. ज्या प्रसंगावर लिहायचे तो एकदा आवाज बंद करून पाहावा. संगीत काढून घेतल्यावरही जे दिसते, तेवढेच तथ्य म्हणून वापरावे.