सौर विजेवर विणलेला टॉवेल: इकोलेबल आणि हवामान निधीचा उपयोग सोलापुरात कसा करावा

सोलापुरी चादर आणि सोलापुरी टेरी टॉवेल या दोन्हींना भौगोलिक मानांकन आहे. माल कुठे विणला गेला, याची ग्वाही ते मानांकन देते. तो कोणत्या विजेवर विणला गेला, हे मात्र त्यातून कळत नाही, आणि निर्यातीचा माल घेणारे ग्राहक आता नेमके तेच विचारू लागले आहेत. या प्रश्नाला पुराव्यासह उत्तर देण्याचे साधन म्हणजे नवीकरणीय विजेचे इकोलेबल. त्यासाठी लागणारा पैसा उभा करण्याच्या अनेक वाटा आहेत आणि हवामान निधी, म्हणजे हवामान बदल रोखणाऱ्या कामांसाठी उभारलेला पैसा, ही त्यांतली एक वाट आहे. हा लेख मुख्यतः लहान यंत्रमाग कारखानदारासाठी लिहिला आहे. मात्र घरमालक, गृहनिर्माण संस्था आणि सामाजिक संस्था यांनाही यातील काही पायऱ्या जशाच्या तशा लागू पडतील.

पहिली पायरी: आपण किती आणि कोणती ऊर्जा वापरतो ते मोजा

मागील बारा महिन्यांची वीजबिले एकत्र काढा. प्रत्येक बिलावरील मंजूर भार आणि त्या महिन्यात वापरलेली युनिटे एका कागदावर उतरवून घ्या. समजा, अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीत एक कारखाना आहे आणि तो महिन्याला सरासरी 6,000 युनिट वीज वापरतो. त्याचा वर्षाचा वापर 72,000 युनिट, म्हणजेच 72 मेगावॅट-तास झाला. प्रमाणपत्रांच्या व्यवहारात मेगावॅट-तास हेच माप चालते आणि 1,000 युनिट म्हणजे एक मेगावॅट-तास, हे येथेच लक्षात ठेवावे.

बहुतेक जण बिलांपाशीच थांबतात आणि चूक तिथेच होते. माग विजेवर चालतात हे खरे, पण रंगाईला आणि सायझिंगला (सुताला खळ लावण्याला) वाफ लागते व ती वाफ बॉयलरमध्ये लाकूड, कोळसा किंवा अन्य जळण जाळून तयार होते. छतावर कितीही पॅनेल बसवली तरी या जळणात घट होत नाही. म्हणून बिलांच्या शेजारीच बॉयलरच्या जळणाचाही वर्षभराचा हिशेब लिहावा. रंगाई बाहेरून करून घेत असाल, तर ज्याच्याकडून ती होते त्याच्याकडून तो हिशेब मागावा. शेवटच्या पायरीत टॉवेलला लावायच्या माहितीच्या पट्टीवर काय लिहिता येईल आणि काय लिहिता येणार नाही, ते या एका कागदावरून ठरणार आहे.

दुसरी पायरी: छताचा पूर्ण उपयोग करा

आपले शहर पर्जन्यछायेच्या प्रदेशात आहे आणि येथे ऊन भरपूर पडते. एक किलोवॅट क्षमतेच्या पॅनेलपासून दिवसाला सरासरी चार युनिट, वर्षाला साधारण 1,400 युनिट वीज मिळेल असे धरून चालावे. एका किलोवॅटला सुमारे 100 चौरस फूट मोकळी, सावली न पडणारी जागा लागते. वरच्या उदाहरणातील कारखान्याने 5,000 चौरस फुटांत 50 किलोवॅटचा संच बसवला, तर वर्षाला सुमारे 70,000 युनिट तयार होतील. देशाच्या वीजजाळ्यातील एका युनिटमागे सुमारे 0.7 किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. त्या हिशेबाने हा संच वर्षाला जवळपास 49 टन उत्सर्जन टाळेल. फताटेवाडीचे 1,320 मेगावॅटचे कोळशावरील वीजकेंद्र आपल्याच जिल्ह्यात आहे, त्यामुळे या आकड्याचा अर्थ सोलापूरकरांना वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही.

सोलापुरात तीन गोष्टींकडे विशेष लक्ष द्यावे लागते. पहिली गोष्ट उष्णतेची. पॅनेलला ऊन हवे असते, पण ताप मानवत नाही. पॅनेलमधील सौर पेशींचे तापमान 25 अंशांच्या वर गेले की प्रत्येक अंशामागे सुमारे 0.35 टक्का उत्पादन घटते. मे महिन्याच्या दुपारी पेशी 65 अंशांपर्यंत तापल्या, तर जवळजवळ 14 टक्के वीज कमी मिळते. यासाठी पॅनेल पत्र्याला चिकटवून बसवू नयेत; खालून वारा खेळेल इतके अंतर सोडावे आणि खरेदीच्या वेळी कंपनीकडून तापमान गुणांक लेखी मागून घ्यावा. दुसरी गोष्ट छताची. जुन्या शेडवरील सिमेंटचा पत्रा माणूस चालला तरी तडकतो, म्हणून पॅनेलचा भार पत्र्यावर न टाकता खालच्या लोखंडी कैच्यांवर घ्यावा आणि त्या कैच्या अभियंत्याकडून आधी तपासून घ्याव्यात. तिसरी गोष्ट फक्त कापड कारखान्यातच आढळते. माग चालू असताना कापसाचे बारीक तंतू हवेत उडतात, पंख्यांच्या झरोक्यांतून बाहेर पडतात आणि पॅनेलच्या खालच्या कडेला साचतात. सकाळचे दव पडले की धूळ आणि तंतू मिळून तिथे करड्या रंगाचा पट्टा तयार होतो. बोटभर रुंदीचा हा पट्टा एका ओळीतील पेशी झाकतो आणि संपूर्ण पॅनेलचे उत्पादन खाली आणतो. त्यामुळे झरोक्यांच्या तोंडाशी पॅनेल बसवू नयेत आणि दर आठवड्याला, ऊन चढण्यापूर्वी, मऊ फडक्याने ती कडा पुसून घ्यावी.

संच नेट मीटरिंगने, म्हणजे जादा तयार झालेली वीज जाळ्यात जाऊन बिलातून वजा होईल अशा पद्धतीने, जोडायचा असतो. त्यासाठी महावितरणकडे अर्ज करावा लागतो आणि मीटर बसल्यावर तयार झालेल्या व बाहेर गेलेल्या युनिटांची स्वतंत्र नोंद मिळू लागते. ही नोंद दर महिन्याला छापून फायलीला लावावी. इकोलेबलचा सारा आधार हीच नोंद आहे.

तिसरी पायरी: उरलेली वीज हरित करून घ्या

छत लहान असेल किंवा रात्रपाळी चालत असेल, तर सर्व वीज छतावरून मिळणार नाही. उरलेल्या युनिटांसाठी तीन मार्ग आहेत. सर्वांत सोपा मार्ग महावितरणच्या हरित दराचा, म्हणजे थोडा जादा दर देऊन नवीकरणीय वीज घेण्याचा आहे. राज्य वीज नियामक आयोगाने 2021 साली हा पर्याय दिला, तेव्हा प्रति युनिट 66 पैसे अधिक आकारले जात होते. सध्याचा अधिभार चालू दर आदेशात पाहावा आणि अर्ज करतानाच वार्षिक प्रमाणपत्राची मागणी नोंदवावी. दुसरा मार्ग खुल्या प्रवेशाचा, म्हणजे वितरण कंपनीच्या तारांवरून दुसऱ्या उत्पादकाची वीज घेण्याचा आहे. केंद्राच्या 2022 च्या नियमांनी त्यासाठीची मर्यादा एक मेगावॅटवरून 100 किलोवॅटवर आणली, त्यामुळे मध्यम आकाराचे कारखानेही बाहेरच्या सौर प्रकल्पाची वीज घेऊ शकतात. तिसरा मार्ग म्हणजे नवीकरणीय ऊर्जा प्रमाणपत्रे विकत घेणे. एका प्रमाणपत्रात एक मेगावॅट-तास नवीकरणीय वीज तयार झाल्याची नोंद असते आणि त्यांचा व्यवहार वीज विनिमय केंद्रांवर होतो. लहान कारखान्याने हरित दराचा मार्ग घ्यावा, असे माझे मत आहे, कारण त्यात कागदपत्रे कमी लागतात आणि पुरावा वीजबिलातच मिळतो.

येथे एक नियम काटेकोरपणे पाळावा. विजेच्या हरितपणावर एकाच वेळी दोघांना हक्क सांगता येत नाही. संच दुसऱ्या कंपनीने आपल्या छतावर स्वतःच्या खर्चाने बसवला असेल आणि आपण तिच्याकडून युनिटाच्या दराने वीज घेत असाल, तर प्रमाणपत्रांवर हक्क कोणाचा, हे करारात स्पष्ट लिहून घ्यावे. नेट मीटरिंगमधील वीज वितरण कंपनीच्या नवीकरणीय खरेदीच्या बंधनातही (ठरावीक वाटा नवीकरणीय वीज घेण्याच्या सक्तीतही) मोजली जाऊ शकते, म्हणून लेबल देणाऱ्या संस्थेला ही वस्तुस्थिती आधीच सांगावी आणि तिचा निर्णय लेखी घ्यावा.

चौथी पायरी: योग्य लेबल निवडा

लेबले अनेक असली तरी प्रत्येकाचे काम वेगळे आहे. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोचे तारांकन उपकरण किती वीज खाते ते सांगते. मातीच्या मडक्याचे चिन्ह असलेली भारताची इकोमार्क योजना 1991 मध्ये सुरू झाली आणि तिचे नवे नियम 2024 मध्ये आले; ती संपूर्ण उत्पादनाची तपासणी करते. विजेच्या स्रोतासाठी वेगळे लेबल लागते. त्यातले आंतरराष्ट्रीय पातळीवर वापरले जाणारे एक लेबल इकोएनर्जी असून ते फिनलंडमधील निसर्गसंवर्धन संघटनेमार्फत चालवले जाते. या लेबलखालील प्रत्येक मेगावॅट-तासामागे किमान 0.10 युरो हवामान निधीत जमा होतात आणि त्या पैशातून विकसनशील देशांतील नवीकरणीय ऊर्जेच्या प्रकल्पांना मदत मिळते. आपल्या उदाहरणातील 72 मेगावॅट-तासांचे 7.20 युरो होतात. रक्कम लहान वाटते, पण हजारो ग्राहकांकडून जमा झाली की तिच्यातून एखाद्या शाळेवर दिवे लागू शकतात.

हे लेबल मला आणखी एका कारणाने महत्त्वाचे वाटते. ते केवळ वीज नवीकरणीय आहे की नाही एवढेच पाहत नाही, तर ती निसर्गाच्या कोणत्या जागी तयार होते, हेही पाहते. पवनचक्क्या संरक्षित क्षेत्रात किंवा पक्ष्यांसाठी महत्त्वाच्या अधिवासात असल्या तर त्या सहजासहजी स्वीकारल्या जात नाहीत. सोलापूरकरांना याचे महत्त्व पटायला हवे. 1979 मध्ये घोषित झालेले नान्नजचे माळढोक अभयारण्य आपल्या उशाशी आहे. माळढोक जड अंगाचा पक्षी आहे, त्याला समोरचे नीट दिसत नाही आणि उडताना तो विजेच्या तारांवर आदळतो. माळरान म्हणजे पडीक जमीन समजून तिथे तारांचे जाळे टाकले जाते, तेव्हा त्या जमिनीवरचे गवत, टोळ आणि त्यावर जगणारे पक्षी हिशेबात कोणी धरत नाही. म्हणूनच बाहेरची हरित वीज घेताना प्रकल्प कोठे आहे ते विचारावे आणि दोन प्रकल्पांत निवड करायची असेल, तर छतावरील किंवा औद्योगिक वसाहतीतील प्रकल्पाला पसंती द्यावी.

पाचवी पायरी: पैसा उभा करा

कारखान्याला घरगुती अनुदान मिळत नाही, पण प्राप्तिकरात सौर संचावर 40 टक्के घसारा घेता येतो. संच आर्थिक वर्षात 180 दिवसांपेक्षा कमी वापरला गेला तर त्या वर्षी निम्माच घसारा मिळतो, म्हणून काम सप्टेंबरअखेर पूर्ण करण्याचे नियोजन करावे. कर्जासाठी आपल्या बँकेबरोबरच सिडबीकडेही (लघुउद्योगांना कर्ज देणाऱ्या विकास बँकेकडे) विचारणा करावी. हरित हवामान निधी 2010 साली स्थापन झाला, त्याचे मुख्यालय दक्षिण कोरियात आहे आणि भारतात नाबार्ड व सिडबी या त्याच्या मान्यताप्राप्त संस्था आहेत. एकट्या कारखान्याला तिथे थेट अर्ज करता येत नाही. तो पैसा बँका आणि वित्तसंस्थांच्या कर्जयोजनांमधूनच खालपर्यंत येतो. त्यामुळे बँकेत गेल्यावर केवळ ‘सोलरसाठी कर्ज’ न मागता, हवामान निधीतून पतपुरवठा होणारी योजना चालू आहे का, असे विचारावे. सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांसाठीच्या झेड (‘झिरो डिफेक्ट, झिरो इफेक्ट’ – निर्दोष माल, पर्यावरणाला हानी नाही) प्रमाणपत्राचाही विचार करावा, कारण सूक्ष्म उद्योगाला त्याच्या खर्चात 80 टक्के, लघु उद्योगाला 60 टक्के सूट मिळते.

घरासाठी पीएम सूर्यघर योजनेत दोन किलोवॅटपर्यंत प्रति किलोवॅट 30,000 रुपये आणि तीन किलोवॅट किंवा त्याहून मोठ्या संचाला एकूण 78,000 रुपये अनुदान मिळते. गृहनिर्माण संस्थेच्या सामाईक विजेसाठी प्रति किलोवॅट 18,000 रुपये मिळतात.

सांगोला किंवा मंगळवेढा तालुक्यातील वस्तीशाळेवर किंवा आरोग्य उपकेंद्रावर संच बसवू पाहणाऱ्या सामाजिक संस्थेने इकोएनर्जीसारख्या निधीच्या प्रस्तावांच्या आवाहनावर लक्ष ठेवावे. प्रस्तावात किलोवॅट आणि लाभार्थींची संख्या सर्वच जण लिहितात. बॅटरी बदलायची वेळ आली की पैसे कोण देणार, पॅनेल कोण पुसणार आणि बिघाड झाल्यास कोण येणार, हे ज्या प्रस्तावात नावानिशी लिहिलेले असते, तो प्रस्ताव मजबूत ठरतो.

सहावी पायरी: पट्टीवर नेमके लिहा

ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑक्टोबर 2024 मध्ये पर्यावरणविषयक दिशाभूल करणाऱ्या दाव्यांविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे जारी केली. त्यांनुसार ‘हरित’, ‘पर्यावरणपूरक’ असे शब्द नुसते वापरता येत नाहीत. त्यांमागचा पुरावा ग्राहकाला सहज मिळाला पाहिजे आणि त्यासाठी क्यूआर कोडही चालतो. म्हणून ‘शंभर टक्के हरित टॉवेल’ असे लिहू नये. पहिल्या पायरीतील कागद समोर ठेवून असे लिहावे: ‘या टॉवेलच्या विणकामासाठी वापरलेली वीज सौर आणि प्रमाणित नवीकरणीय स्रोतांतून घेतलेली आहे. रंगाईच्या वाफेचा यात समावेश नाही.’ दुसरे वाक्य लिहायला जड जाते, पण खरेदीदाराचा तपासनीस बॉयलर पाहायला येतोच आणि ते वाक्य आधीच छापलेले असेल, तर त्याचा पहिल्या वाक्यावर विश्वास बसतो.

क्यूआर कोडमागील पानावर वर्षभरातील एकूण युनिटे, छतावरील उत्पादन, खरेदी केलेली हरित वीज आणि प्रमाणपत्रांचे क्रमांक द्यावेत. वीज प्रमाणपत्र ज्या वर्षाचे असेल, त्याच वर्षात विणलेल्या मालावर ती पट्टी लावावी आणि एप्रिल महिन्यात नवे आकडे हाती येईपर्यंत पुढच्या पट्ट्या छापायला देऊ नयेत.