स्टॉकहोम पाहताना: कार्ड, बोट आणि वासा जहाज

तयारीची सुरुवात बँकेच्या ॲपपासून करा. भारतातल्या नव्या कार्डांवर परदेशी व्यवहार आणि टॅप करून पैसे देणं या दोन्ही सोयी मुळात बंद असतात; त्या घरूनच सुरू करून घ्याव्या लागतात. हे राहून गेलं तर उतरल्या उतरल्या अडायला होतं, कारण स्टॉकहोमच्या सिटी बसमध्ये रोख चालत नाही आणि बरीच दुकानंही नोटा घेत नाहीत. मशीनने ‘रुपये की क्रोना’ असं विचारलं तर क्रोनाच, म्हणजे स्वीडनचं चलनच, निवडा. रुपये निवडले की दर मशीनवाल्याचा लागतो, आणि तो बहुधा महागच पडतो.

आर्लांडा विमानतळ शहराच्या उत्तरेला साधारण 40 किलोमीटरवर आहे. आर्लांडा एक्सप्रेस वीसेक मिनिटांत पोचवते, पण तिकीट चांगलंच महाग. स्वस्तात जायचं तर 583 नंबरच्या बसने मॅर्स्टा स्टेशन गाठा आणि तिथून लोकलने शहरात या. लोकल थेट विमानतळाखालीही येते, पण त्या स्टेशनासाठी वेगळा अधिभार भरावा लागतो. बसने गेलं की तो वाचतो.

शहराच्या मेट्रो, बस आणि लोकलला एकच तिकीट, 75 मिनिटांचं. तेवढ्या वेळात कितीही वेळा बदला, मात्र दर वेळी तेच कार्ड टॅप करा. पहिल्यांदा फोन आणि नंतर कार्ड टेकवलं तर यंत्रणेला ती दोन माणसं वाटतात आणि दुसरं तिकीट फाडलं जातं. त्याच कारणाने एका कार्डावर नवरा-बायको दोघं जाऊ शकत नाहीत. एकाच फोनवरून सगळ्यांची तिकिटं काढायची तर एस.एल.चं, म्हणजे इथल्या शहर वाहतूक कंपनीचं, ॲप वापरा. दिवसभर हिंडणार असाल तर 24 किंवा 72 तासांचा पास बरा.

हे शहर 14 बेटांवर वसलेलं आहे, तेव्हा ते पाण्यावरून पाहण्यातच खरी मजा. त्यासाठी महागडी पर्यटन-बोट लागत नाही. स्लुसेनहून यूरगोर्डन बेटाला जाणारी 82 नंबरची बोट याच तिकिटात बसते. उतरल्यावर दहा मिनिटांच्या चालीवर वासा संग्रहालय आहे. दोन तास हाताशी ठेवा आणि जाकीट न्या. आतल्या जुन्या जहाजाचं लाकूड जपण्यासाठी तिथे मुद्दाम गारवा ठेवलेला असतो.

वासा ही 64 तोफांची युद्धनौका 10 ऑगस्ट 1628 रोजी पहिल्याच सफरीत, जेमतेम 1,300 मीटर गेल्यावर बुडाली. वरचा भार जास्त, तळ अरुंद. वाऱ्याच्या झोताने ती कलली आणि तोफांच्या उघड्या खिडक्यांतून पाणी आत शिरलं. 1961 मध्ये वर काढली तेव्हा ती जवळजवळ अखंड होती, कारण बाल्टिकच्या मचूळ पाण्यात लाकूड पोखरणारा समुद्रकिडा जगत नाही. आधी छोटा माहितीपट बघा, मग वरच्या मजल्यावर जाऊन मागच्या बाजूचं कोरीवकाम डोळ्यांच्या रेषेत पाहा. बाजूला 1:10 आकाराची रंगीत प्रतिकृती आहे; तिच्यावरून कळतं की आज काळपट दिसणारे हे सिंह आणि योद्धे मुळात भडक रंगांचे होते.

जुन्या गावात, गामला स्तानमध्ये, दगडी फरसबंदीवर बॅगेची चाकं मोडतात. हॉटेल तिथे असेल तर पाठीवरची सॅक घ्या. मोर्टेन ट्रोट्सिग गल्ली एका टोकाला फक्त 90 सेंटिमीटर रुंद आहे. मेट्रोच्या निळ्या मार्गावर सोल्ना सेंट्रमला जरूर उतरा: खडकातल्या बोगद्यावर लालभडक आकाश आणि खाली हिरवं जंगल रंगवलंय.

जेवण दुपारीच उरकावं. सोमवार ते शुक्रवार, साधारण 11 ते 2, ‘डागेन्स लंच’मध्ये, म्हणजे त्या दिवसाच्या ठरलेल्या जेवणात, सॅलड, पाव आणि कॉफी धरून एकच दर असतो, संध्याकाळी तेच हॉटेल बरंच महाग. नळाचं पाणी बिनधास्त प्या. कॉफीबरोबर ‘कार्देमुम्माबुल्ले’ मागा: गाठ मारलेला मऊ पाव, वर जाडसर कुटलेला वेलदोडा. आपल्या जिभेला तो लगेच ओळखीचा वाटतो.

संध्याकाळसाठी सॉदरमाल्म बेटावरची मॉन्टेलियस वाट ठेवा. समोर तलाव आणि त्याच्या काठावर नगरभवनाचा 106 मीटरचा मनोरा. जूनमध्ये रात्री दहानंतरही तिथे उजेड असतो. डिसेंबरात सूर्य तीनच्या आत मावळतो, म्हणून दोनलाच पोचा, आणि गोठलेल्या बर्फावर पाय घसरू नये म्हणून बुटाला लावायचे काटे आधी विकत घेऊन ठेवा.