ग्रीअर झऱ्याच्या थंड पाण्यात ट्राउट धरताना

अमेरिकेतल्या मिसूरी राज्यात इलेव्हन पॉइंट नदीवर मासेमारीला जाणार असाल, तर ग्रीअर क्रॉसिंग या ठिकाणी नदीत उतरा. 1968 च्या कायद्याने संरक्षण मिळालेल्या पहिल्या आठ नद्यांपैकी ही एक. जवळच ग्रीअर झरा नदीला मिळतो आणि तिथून पुढे नदीतलं पाणी दुपटीहून जास्त होतं. हे पाणी भर उन्हाळ्यातही गार असतं, म्हणून तर थंड पाण्यात राहणारे ट्राउट मासे इथे टिकतात. आणि म्हणूनच जुलैतही वेडर, म्हणजे पाणी आत न येणारी उंच विजार, घाला. उघड्या पायांनी तासभरसुद्धा उभं राहवत नाही.

झरा मिळतो तिथपासून टर्नर मिलपर्यंत नियम कडक आहेत: फक्त फ्लाय (पिसं-दोऱ्याची नकली माशी) किंवा दुसरं कृत्रिम आमिष, मऊ प्लास्टिकचंही चालत नाही. मासा 18 इंचांहून लहान असेल तर सोडून द्यायचा. परवाना तर हवाच, वर ट्राउटचं वेगळं परमिटही. नियम बदलतात, निघण्याआधी एकदा बघून घ्या.

बुटांचे तळवे नमद्याचे नकोत, त्यांवर इथे बंदी आहे. ओले तळवे एका नदीतलं शेवाळ दुसरीत नेतात.

झरा बघायची पायवाट उतरताना सोपी वाटते. दम लागतो तो परत चढताना.